शालीन कोणाला म्हणावं?

वर्तमानपत्रात 'शालीन' हा शब्द मला हल्ली दोन जागी भेटतो. एखादा ज्येष्ठ नेता, शास्त्रज्ञ किंवा जुना क्रिकेटपटू गेला की 'शालीन व्यक्तिमत्त्व हरपले' असा मथळा येतो. आणि रविवारच्या वधू-वर पानावर 'शालीन, सुशील वधू पाहिजे' असं छापलेलं असतं. पुरुषाच्या वाट्याला हा शब्द आयुष्य सरल्यावर येतो. मुलीनं तो संसार सुरू व्हायच्या आधीच दाखवायचा असतो. अर्थही दोन्हीकडे सारखा नाही. नेता शालीन होता म्हणजे हातात सत्ता असून त्यानं कोणाला ती बोचू दिली नाही. वधू शालीन पाहिजे म्हणजे, बहुतेक वेळा, तिनं उलट उत्तर देऊ नये.

मी अमरावतीत मुलींच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलं. या शब्दावर माझं प्रेम आहे, म्हणून तो असा आक्रसलेला पाहवत नाही. तो टाकून द्यावा असं सांगणाऱ्या मैत्रिणी मला आहेत, आणि त्यांचा राग मला कळतो. पण टाकण्याआधी तो काय होता हे तरी बघावं.

वर्गात विचारलं की मुली सांगायच्या, शालीन म्हणजे अंगभर शाल पांघरलेली. ऐकायला छान वाटतं, पण अंगावरची शाल फारसीतून आली आहे आणि तिचा या शब्दाशी संबंध नाही. शालीन आला 'शाला' या शब्दातून. शाला म्हणजे घर, मोठं दालन. आपली शाळा तीच. पाकशाळा, गोशाळा, धर्मशाळा याही त्याच घरातल्या. पाणिनीनं या शब्दासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्च केलं आहे. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं ते विसावं सूत्र. त्यात शालीन आणि कौपीन हे दोन शब्द शेजारी शेजारी बसवलेले आहेत. शालीन म्हणजे जो धीट होऊन अंगावर येत नाही असा. कौपीन म्हणजे करू नये असं काम. टीकाकारांनी फोड केली ती अशी: जो शालेत प्रवेश करण्याजोगा तो शालीन, आणि जे कूपात, म्हणजे विहिरीत, लोटून देण्याजोगं ते कौपीन. पुढे झाकून ठेवायच्या गोष्टीवरून कौपीन हे लंगोटीचं नाव झालं. या सूत्राला वर्ग हसायचा, आणि हसल्यामुळेच ते मुलींच्या लक्षात राहायचं.

'शालेत प्रवेश करण्याजोगा' या फोडीपाशी मात्र थांबायला हवं, कारण ती दोन्ही अंगांनी वाचता येते. ज्याला विश्वासानं घरात घ्यावं, ज्याच्या येण्यानं घरातल्या कोणाला अवघडल्यासारखं होणार नाही, तो शालीन. किंवा, ज्याच्या अंगात बाहेर वावरायचा धीटपणाच नाही, ज्याची जागा घराच्या आतच, तो शालीन. पहिल्या वाचनात दार आत येण्यासाठी उघडतं, दुसऱ्यात ते मागून लागतं. मराठीत हा शब्द आजपर्यंत दोन्ही अर्थांनी चालत आला आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ आहे हे बहुधा त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

आणखी एक गोष्ट वधू-वर पानावरच्या मंडळींना नवी वाटेल. धर्मसूत्रांमध्ये शालीन हा पुरुष आहे. बौधायन धर्मसूत्रात गृहस्थांचे प्रकार सांगितले आहेत: शालीन, यायावर आणि चक्रचर. घर बांधून एका जागी राहणारा, अग्नी सांभाळणारा, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणारा तो शालीन. यायावर हिंडता असतो. शालेचा आश्रय केला म्हणून शालीन, असं बौधायन स्वतःच सांगतो. घर सांभाळण्याचं, पाहुण्याला सामावून घेण्याचं, पाय रोवून राहण्याचं हे व्रत मुळात कर्त्या पुरुषाचं होतं.

बाईच्या संदर्भात हा शब्द आला की मला पहिल्यांदा आठवतो तो कालिदास. रघुवंशाचा सहावा सर्ग, इंदुमतीचं स्वयंवर. इंदुमती आपल्या विदर्भाची, भोज राजाची बहीण. वरच्या वर्गांना नेमलेल्या उताऱ्याच्या निमित्तानं मी हा सगळा सर्ग गोष्टीसारखा सांगत असे, आणि आमच्याच मातीतली मुलगी म्हटल्यावर वऱ्हाडातल्या पोरी सरसावून बसत. मंडपात देशोदेशीचे राजे ओळीनं बसले आहेत. कोणी हातातलं कमळ फिरवतो, कोणी सरकलेला हार सारखा करतो. सुनंदा नावाची प्रतिहारी इंदुमतीला एकेका राजापुढे नेते आणि त्याचं कूळ, पराक्रम, वैभव वर्णन करते. पहिला मगधाचा परंतप. इंदुमती त्याच्याकडे एकदा पाहते, सरळ नमस्कार करते आणि एक शब्दही न बोलता पुढे निघते. तो नमस्कारच नकार. दुसरा अंगदेशाचा राजा. त्याच्यावरून नजर काढून ती सुनंदेला इतकंच म्हणते, चल. इथे कालिदास वाचकाला बजावतो की तो राजा हवासा नव्हता असं नाही आणि तिला पारख नव्हती असंही नाही; लोकांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. मग अवंती, अनूप, शूरसेन, कलिंग, पांड्य. राजमार्गानं दिवा पुढे जावा आणि मागची घरं अंधारात पडावीत, तशी ती पुढे गेल्यावर मागच्या राजांची तोंडं काळवंडतात. या एका उपमेमुळे कवीला 'दीपशिखा कालिदास' हे नाव पडलं.

मग अज समोर येतो, आणि तिथे, अगदी तिथेच, कालिदास शालीनता हा शब्द वापरतो. तिचं मन अजावर जडलं, पण शालीनतेमुळे तिला ते बोलून दाखवता येईना. अंगावर उभ्या राहिलेल्या काट्यांनी ते सांगून टाकलं. सुनंदा मैत्रिणीच्या हक्कानं थट्टा करते, "आर्ये, जाऊ या का पुढे?" आणि इंदुमती तिच्याकडे रागानं वाकडा डोळा करून बघते.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, थे इतक्या राजांले नाही म्हणाली, अन् तरी शालीन?" त्या तासाला मी पुढचं काही शिकवू शकले नाही, कारण सगळा वर्ग त्याच प्रश्नावर बोलू लागला. माझं उत्तर तेव्हा जे होतं तेच आज आहे. होय, आणि नाही म्हणता येत होतं म्हणूनच शालीन. तिनं सात राजांना नाकारलं, पण एकाचाही अपमान केला नाही. कोणाचं रूप काढलं नाही, कोणाच्या राज्याला नावं ठेवली नाहीत. भर सभेत नकार ऐकलेल्या माणसाला मान खाली घालायला लागू नये, इतकी जागा तिनं त्याच्यासाठी ठेवली. कालिदासानं हा गुण दिला तो जिच्या हातात वरमाला होती तिला. जिला विचारलंच गेलं नाही, तिच्या गप्प बसण्याला हा शब्द लावायचं त्याच्या मनातही आलं नसावं.

विदर्भाला अशा मुलींचा वारसाच आहे. महाभारतातली दमयंती कुंडिनपुरची. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम आले, आणि चौघांनी नळाचं रूप घेतलं. पाच नळ समोर उभे. तिनं आपल्या सत्याची शपथ घालून देवांनाच विनवलं, खरा नळ ओळखू आल्यावर लाजत त्याच्या वस्त्राचं टोक धरलं आणि माळ घातली. लाज होती, आणि चार देवांना नकारही होता. दोन्ही एकाच श्वासात.

आणि रुक्मिणी. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, ते तिचं माहेर. आमच्या गावातल्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं तिला नेलं अशी इथली श्रद्धा आहे. मी लहानपणापासून ते देऊळ याच ओळखीनं पाहत आले. भागवतातली रुक्मिणी सात श्लोकांचा निरोप कृष्णाला पाठवते. त्यात ती स्वतःच म्हणते की माझ्या मनानं लाज सोडली आहे. पण हा निरोप नुसता प्रेमाचा नाही, त्यात बेत आखलेला आहे. तू अंतःपुरात शिरलास तर माझ्या आप्तांना मारावं लागेल, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या यात्रेला मी नगराबाहेर येते, तिथून मला ने. आपल्या घरातलं रक्त वाचवून आपल्या मनासारखं कसं करायचं, याचा विचार त्या मुलीनं केला आहे. मला तिच्या शालीनतेची खूण त्या विचारात दिसते.

एकनाथांनी 1571 मध्ये काशीत बसून 'रुक्मिणी स्वयंवर' लिहिलं, अठरा प्रसंगांचं. लग्न जमत नसलेल्या मुलीनं त्याचं पारायण करावं अशी महाराष्ट्रभर रीत आहे. माझ्या आईनं माझ्याकडून ते करून घेतलं होतं. घराघरांतून शालीन व्हायला सांगितलेल्या मुलींच्या हातात वडीलधाऱ्यांनी जी पोथी दिली, तिची नायिका भावानं ठरवलेलं लग्न मोडते आणि स्वतः वर निवडते. पिढ्यान् पिढ्या मुलींनी ती मोठ्यानं वाचली. त्यांच्या मनात काय काय रुजलं असेल याचा विचार पारायण करायला लावणाऱ्यांनी केला होता की नाही कोण जाणे. माझ्या मनात तरी ते रुजलं.

आपल्याकडे या शब्दाच्या आसपास बरेच शब्द आहेत आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. वऱ्हाडात मुलीचं कौतुक करताना म्हणतात, 'पोरगी मोठी गरीब आहे.' इथे गरीब म्हणजे निरुपद्रवी. कोणी काही बोललं तरी ती ऐकून घेईल. लाजाळू हा स्वभाव झाला, तो कोणाचाही असू शकतो. सोशिक म्हणजे जिनं सोसलं, आणि या शब्दानं कौतुक करताना सोसायला लावणाऱ्याला आपण मोकळं सोडतो, म्हणून मला तो शब्दच आवडत नाही. सोज्वळ मूळचा उजळ, तेजस्वी. सिनेमातल्या आयांनी तो पांढऱ्या सुती साडीत नेऊन ठेवला. घरंदाज कुळाकडे बोट दाखवतो, मुलीकडे नाही. शालीन यांतला कोणताच नाही. त्यात ताकद गृहीत आहे. बोलता येतं, तोडता येतं, पण माणूस समोरच्याचा मान राखून बोलतो आणि लागलं तर मान राखूनच तोडतो.

माझी मावशी अचलपूरच्या एका जुन्या वाड्यात नांदली. तिला मी कधी भरभर चालताना पाहिलं नाही. पंगतीत ती कढीचा गंज घेऊन फिरायची तेव्हा 'वाढू का?' असं विचारत नसे. पानाकडे बघायची, तिला कळायचं. खालमानेनं जेवणाऱ्या लाजऱ्या पोरापाशी दोनदा थांबायची. तिचा थोरला मुलगा अकाली गेला आणि तिनं विधवा सुनेला डी.एड.ला घालायचं ठरवलं. श्राद्धाच्या पंगतीत एक वडीलधारे नातेवाईक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता घरची सून कॉलेजात हिंडणार म्हणा!" मावशी ओळीनं वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आली, त्यांच्या पानाकडे बघितलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "तुमचं जेवण झालेलं दिसतं. हात धुवायला बाहेर पाणी ठेवलंय." आणि पुढच्या पानावर कढी वाढली. सून शिक्षिका झाली. मराठीत याला शालजोडीतला म्हणतात. मला शालीन शब्दाचा अर्थ कोशात पाहायची गरज पडली नाही, कारण मी त्या पंगतीत बसले होते.

पण मावशीकडे वाडा होता. हे सांगायलाच हवं. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, परसू असं आतलं-बाहेरचं ज्या घराला आहे तिथेच शालीनता दाखवता येते. एका खोलीत सात माणसं राहतात तिथे पडद्याआडून कोण बोलणार? कापूस वेचायला पहाटे निघणारी, बाजारात टोपली मांडून भाव ओरडणारी, बांधावर बसून भाकरी खाणारी बाई या शब्दाच्या हिशोबात कधी धरलीच गेली नाही. शब्दात शाला आहे, आणि शाला सगळ्यांना नव्हती. उलट बाजूचा शब्द पाहा: उठवळ. जी एका जागी बसत नाही, उठते, हिंडते ती. पुरुष हिंडला तर बौधायनानं त्याला यायावर असं मानाचं नाव दिलं. बाई हिंडली तर उठवळ. चवचाल, आगाऊ, फटकळ, भटकभवानी, ही रांग केवढी लांब आहे. यांतले किती शब्द पुरुषाला लावता येतात ते प्रत्येकानं मनात मोजून बघावं.

याचा हिशोब सगळ्यांत आधी रोखठोक मांडला तो विदर्भातल्याच एका बाईनं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झालं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला होता आणि त्या निमित्तानं 'पुणे वैभव' पत्रानं एकूण बायकांच्याच वागणुकीवर ताशेरे ओढले होते. ताराबाईंनी विचारलं ते असं: जे अवगुण तुम्ही बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय? बाईनं पाळायचा धर्म सगळा लिहून ठेवला, मग पुरुषानं पाळायचा कुठे आहे? जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ताराबाईंची भाषा मुळीच मवाळ नाही. ती तळतळून लिहिलेली आहे. त्यांना कोणी शालीन म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मात्र मराठीत अशा बायकांसाठीही आदराचे शब्द आहेत, करारी, खमकी, बाणेदार. घर चालवायला जिच्या जिवावर सगळे विसंबतात तिला गाव खमकी म्हणतं, आणि त्या शब्दात शालीन या शब्दापेक्षा कमी मान नसतो.

रंगभूमीनं या गुणाचं आणखी एक रूप दाखवलं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1911 मध्ये 'मानापमाना'तली भामिनी झाले, 1916 मध्ये 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, 1919 मध्ये 'एकच प्याला'तली सिंधू. पदर कसा सावरावा, मान कशी वळवावी, दागिना किती घालावा, हे घराघरांतल्या बायका त्यांच्याकडे पाहून उचलत. शालीन स्त्रीचा महाराष्ट्राचा नमुना एका पुरुषानं घडवला. यावरून मला एवढं नक्की कळतं की हा गुण बाईच्या रक्तातून येत नाही. तो बघून, घोटून, मेहनतीनं अंगी आणता येतो. मग तो मुलग्यांना शिकवायला काय हरकत होती? रंगमंचावर एका पुरुषानं तो पराकोटीला नेला, आणि प्रेक्षागृहातल्या पुरुषांनी तो घरी नेला नाही.

हिराबाई बडोदेकरांचा मार्ग त्याहून अवघड होता. मिरजेत 1905 मध्ये जन्मलेल्या हिराबाईंनी जाहीर, तिकीट लावलेल्या मैफलींत ख्याल गायला सुरुवात केली तेव्हा गाणाऱ्या बाईकडे बघायची समाजाची नजर ठरलेली होती. पदर नीट घेऊन, हातवारे न करता, चेहरा वेडावाकडा न करता त्या स्वराला स्वर लावत बसत. भावंडांबरोबर त्यांनी नाटक मंडळी काढली आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनं करायची हे रंगमंचावर रूढ केलं. 1970 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्याविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येकजण शालीन हे विशेषण वापरतो आणि ते योग्यच आहे. पण त्या काळात पुरुष गवयाला भर मैफलीत रुसायची, तंबोरेवाल्यावर खेकसायची मुभा होती. हिराबाईंना ती नव्हती. दार उघडायचं तर त्यांना कोणत्याही गृहिणीपेक्षा जास्त शालीन असणं भाग होतं. त्यांनी ते केलं, आणि दार इतकं सताड उघडलं की त्यांच्या मागून आलेल्या गायिकांना आपल्या गाण्यावरच जोखलं गेलं. टीकाकारांच्या त्या फोडीतला पहिला अर्थ, शालेत प्रवेश करण्याजोगा, हिराबाईंनी अशी किंमत मोजून खरा केला.

निवृत्तीनंतर मी आमच्या वस्तीतल्या वधू-वर सूचक केंद्रात दुपारी फॉर्म भरून द्यायला बसते. 'अपेक्षा' या रकान्यात मुलाच्या घरचे सहज सांगतात, "लिहा, मुलगी शालीन असावी." मी पेन थांबवून विचारते, म्हणजे कशी? उत्तरं तऱ्हेतऱ्हेची येतात. मोठ्यांसमोर आवाज न चढवणारी. मोबाइलवर सारखे फोटो न टाकणारी. नोकरी करणारी, पण घरात रमणारी. एक आजोबा म्हणाले, "दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, मग काय काम ते विचारावं, हे जिला कळतं ती." मी त्यांना म्हटलं, हेच लिहू या, शब्द राहू दे. आणि मुलाला हे कळतं का, तेही लिहू या. ते हसले, मग थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "शिकवतो त्याला."

गेल्या हिवाळ्यात पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी वडिलांबरोबर आली. फॉर्म तिनं स्वतःच भरला होता. स्वतःविषयी तिनं लिहिलं होतं, शालीन. जोडीदाराबद्दलच्या अपेक्षेतही पहिलाच शब्द होता, शालीन. वडिलांना तो खटकला. "मुलाला कोणी शालीन म्हणतं का? खोडून टाक." मी त्यांना बौधायनाचा गृहस्थ सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटलं नसावं. मुलीनं शब्द ठेवला आणि तो पुस्तिकेत तसाच छापला गेला.

स्थळं पाहणाऱ्यांना ठाऊक असतं की आपल्याकडे नकार देत नाहीत. 'कळवतो' म्हणतात, आणि मग कळवत नाहीत. मुलीकडचे फोनची वाट बघत बसतात, दोन आठवड्यांनी लाजत लाजत विचारतात, आणि पलीकडून सांगितलं जातं की पत्रिका जुळली नाही. मी अशी कितीतरी घरं झुरताना पाहिली आहेत. ही मुलगी मात्र भेट झाली की दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करते. मुलाशी बोलते, मग त्याच्या आईवडिलांशी. तुमच्या घरी छान वाटलं, आमचं दोघांचं जमेल असं मला वाटत नाही, तुमची वेळ गेली त्याबद्दल क्षमा करा, एवढंच सांगते. मागच्या महिन्यात तिनं नाकारलेल्या एका मुलाचे वडील केंद्रात आले. मला वाटलं तक्रार घेऊन आले आहेत. ते म्हणाले, "बाई, इतक्या नीट आम्हाला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. अशीच दुसरी मुलगी तुमच्या वहीत असेल तर तिचा फॉर्म दाखवा."